परतीची तार : गृहनिर्मित विमानातील विद्युत्-जोडणीच्या सुलभीकरणाचा इतिहास

१

विमानविद्येच्या इतिहासात पंखांची घडण, इंजिनाचे सामर्थ्य आणि उड्डाणांचे विक्रम यांना जे स्थान मिळते ते उपकरणफलकामागे दडलेल्या तारांना सहसा मिळत नाही. वस्तुतः या तारांच्या जाळ्यालाही स्वतंत्र इतिहास आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानात तारांचा आराखडा एकजण काढतो, जोडणी दुसरा करतो, तपासणी तिसऱ्याकडे असते आणि विमान चौथाच चालवितो. स्वतःचे विमान स्वतः बांधणाऱ्याच्या बाबतीत या चारही भूमिका पुष्कळदा एकाच व्यक्तीकडे येतात. साहजिकच तारा कमी करणे, त्यांचे मार्ग सुबोध करणे आणि बिघाड झाल्यास तो चटकन ओळखता येईल अशी व्यवस्था करणे, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने सोयीचा नसून जिवाचा असतो.

या सुलभीकरणाचा इतिहास ‘पूर्वी तारा पुष्कळ होत्या, पुढे त्या कमी झाल्या’ अशा सरळ चढत्या क्रमाने सांगण्याचा मोह होतो. परंतु पुराव्याकडे बारकाईने पाहिले असता निराळेच चित्र दिसते. प्रत्येक टप्प्यावर काही तारा गळल्या हे खरे. परंतु त्यांच्या मोबदल्यात काहीतरी सामाईक झाले. कधी विजेचा परतीचा मार्ग सामाईक झाला, कधी वीजपुरवठा, तर कधी संदेशाची वाहिनी. जे सामाईक होते ते बिघडले की त्यावर विसंबलेले सर्वच एकदम बिघडते. म्हणून सुलभीकरणाचे मोजमाप तारांच्या संख्येवर करणे पुरेसे नाही. कोणती गोष्ट सामाईक केली आणि ती निकामी झाल्यावर काय शिल्लक राहते, हा त्यातील खरा प्रश्न होय.

२

हा प्रश्न विमानापेक्षा जुना आहे. वीज वाहून नेण्यास जाणारी एक व परतणारी एक अशा दोन वाटा लागतात. १८३८ मध्ये म्यूनिकच्या स्टाइनहाइलने तारयंत्रासाठी परतीच्या तारेऐवजी जमिनीचाच उपयोग होऊ शकतो हे दाखवून दिले, आणि शेकडो मैलांच्या वाहिन्यांतील निम्मी तार एकाएकी अनावश्यक ठरली. तारांच्या सुलभीकरणातील हे पहिले मोठे पाऊल म्हटल्यास वावगे होणार नाही.

याच तत्त्वाचे दुसरे रूप ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आजही डोळ्यांनी पाहता येते. मुंबईहून नाशिककडे जाणारा लोहमार्ग शहापूर तालुक्यातून वासिंद, आसनगाव, खर्डी असा कसाऱ्यापर्यंत जातो आणि तेथून थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचतो. घाटातील हा मार्ग १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झाला व १९३० च्या सुमारास त्याचे विद्युतीकरण झाले. तेव्हा १,५०० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह वापरात होता; एकविसाव्या शतकात त्याची जागा २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने घेतली. गाडीच्या डोक्यावर तार एकच दिसते. दुसरी तार कोठे आहे, असे विचारल्यास उत्तर पायाखाली सापडते. इंजिनातून गेलेली वीज चाकांवाटे रुळांत उतरते आणि रुळांच्या वाटेने परतते.

मात्र येथेच सुलभीकरणाची किंमतही दिसून येते. रूळ सलग नसतो, त्याला सांधे असतात. सांध्यावरील पट्टी व बोल्ट यांवर गंज चढला की विजेच्या वाटेत अडथळा उत्पन्न होतो. म्हणून सांध्यावर तांब्याचा जोड बसवावा लागतो व त्याची नियमित पाहणी करावी लागते. तार वाचली, पण सांध्याची राखण वाढली. धातूच्या विमानाच्या बाबतीत हेच सूत्र अक्षरशः लागू पडते. अॅल्युमिनियमचा सांगाडा रुळाचे काम करतो. दिव्याला वा मोटारीला एकच तार न्यायची आणि परतीसाठी तिचे दुसरे टोक सांगाड्याला जोडायचे. वजन वाचते, श्रम वाचतात, फलकामागील गर्दी कमी होते. परंतु रंगाचा थर, दमट हवेतील गंज किंवा ढिला पडलेला स्क्रू यांपैकी एकही दोष परतीच्या वाटेत आला की दिवा मंदावतो, मापकाचा काटा खोटे बोलू लागतो आणि बिघाड तारेत शोधणारा मनुष्य दिवसभर चुकीच्या जागी शोध घेत राहतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हा दोष विशेष संभवतो, हे निराळे सांगावयास नको.

३

आरंभीच्या काळातील हौशी विमानबांधणीला हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण तिच्यात तारा जवळजवळ नव्हत्याच. १९०३ च्या राइट बंधूंच्या विमानावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र, सेकंद मोजणारे घड्याळ आणि इंजिनाचे फेरे मोजणारा गणक एवढीच साधने होती. अमेरिकेतील बर्नार्ड पीटनपोल याने १९२० च्या दशकाअखेरीस फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून विमान तयार केले. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये याने १९३३ मध्ये आपले छोटे विमान उडविले आणि पुढील वर्षी त्याच्या बांधणीचे पुस्तक प्रसिद्ध करून सामान्य कारागिराच्या हाती ही विद्या दिली. त्या विमानाच्या पंखरचनेतील दोषामुळे जीवघेणे अपघात झाले. परंतु विद्युत्-जोडणीचा त्यांच्याशी संबंध नव्हता. या पिढीतील विमानांत वेगमापक व उंचीमापक हवेच्या दाबावर चालत, होकायंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वावर चाले आणि इंजिनातील ठिणगी मॅग्नेटो हे यंत्र स्वतःच निर्माण करी.

मॅग्नेटोची रचना या इतिहासाच्या दृष्टीने मननीय आहे. त्याला बॅटरी लागत नाही. इंजिन फिरत आहे तोवर ते आपली वीज आपणच तयार करते. विमानात बहुधा दोन मॅग्नेटो असतात. त्यांतील प्रत्येकापासून स्विचकडे एक तार जाते. परंतु तिचे काम ठिणगी देण्याचे नसून बंद करण्याचे असते. स्विच ‘बंद’ केला म्हणजे ती तार सांगाड्याला जोडली जाते व ठिणगी थांबते. अर्थात उड्डाणात ही तार तुटली तरी इंजिन चालूच राहते. जमिनीवर मात्र तीच तुटलेली तार घातक ठरते, कारण स्विच बंद दिसत असूनही पंखा हाताने फिरविणाऱ्यावर इंजिन अचानक सुरू होऊ शकते. बिघाड होणारच असेल तर तो कोणत्या दिशेने व्हावा, याचा निर्णय आरेखकाने आधीच करून ठेवलेला आहे. पुढील काळात तारांचा पसारा वाढत गेला तसतसा हा विवेक टिकविणे कठीण होत गेले.

४

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. बिनतारी संभाषण आणि अतिउच्च कंप्रतेवरील दिक्चालन-केंद्रे यांमुळे नियंत्रित आकाशात उडणाऱ्या लहान विमानालाही संदेशयंत्र आवश्यक झाले. जानेवारी १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने मिल्वॉकी येथे ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली आणि हौशी बांधणाऱ्यांच्या अनुभवाची देवाणघेवाण संघटित रूपाने होऊ लागली. विमानाचा अधिकतर भाग बांधणाऱ्याने शिक्षणासाठी वा हौसेसाठी स्वतः तयार केलेला असावा, हे तत्त्व अमेरिकेच्या नियमांनी स्वीकारले. या तत्त्वाचा परिणाम असा की, तारकामाची जबाबदारी बांधणाऱ्यावरच आली.

नेमक्या याच काळात परतीच्या तारेचा जुना प्रश्न उलट दिशेने पुन्हा उभा राहिला. बर्ट रुटान याने १९७५ मध्ये ‘व्हेरीईझी’ व १९७९ मध्ये ‘लाँग-ईझी’ ही काचतंतू व राळ यांची विमाने उडविली. भारतातही बंगळूर येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ‘लाँग-ईझी’च्या धर्तीवर बांधलेले संशोधन-विमान १९८७ मध्ये उडाले. काचतंतूतून वीज वाहत नाही. त्यामुळे रूळच नाहीसे झाले आणि प्रत्येक उपकरणासाठी परतीची तार पुन्हा आणावी लागली. वरवर पाहता ही पीछेहाट होय. परंतु तिच्यातून एक मोलाचा धडा मिळाला. परतीच्या सर्व तारा एकाच ठिकाणी, इंजिन व बैठक यांमधील भिंतीवरील तांब्या-पितळेच्या एका पट्टीवर, आणून जोडल्या तर कानयंत्रातील गुणगुण थांबते आणि मापके स्थिर राहतात. निरनिराळ्या ठिकाणी सांगाड्याला जोडलेल्या उपकरणांच्या परतीच्या वाटा एकमेकींत मिसळतात आणि आल्टरनेटरचा जड प्रवाह नाजूक संदेशाच्या वाटेवर चालू लागतो, हे कारण तेव्हा स्पष्ट झाले. तसेच जाणारी व परतणारी तार एकमेकींभोवती पिळून नेल्यास त्यांची चुंबकक्षेत्रे परस्परांना छेदतात आणि जवळच्या होकायंत्राची सुई ढळत नाही. त्यामुळे नाजूक उपकरणांच्या बाबतीत धातूच्या विमानाचे बांधणारेही पुढे स्वेच्छेने परतीची तार वापरू लागले. तारा वाढल्या, पण जोडणी अधिक सोपी झाली; म्हणजे समजण्यास सोपी झाली.

५

सुलभीकरणाचा दुसरा प्रवाह वीजपुरवठ्याच्या वाटणीशी संबंधित आहे. कारखान्यातील विमानांच्या अनुकरणाने हौशी बांधणारे प्रत्येक उपकरणासाठी फलकावर एकेक मंडलरोधक बसवीत. तो उडाला तर वैमानिकाने हाताने पुन्हा बसवावा, अशी कल्पना असे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रॉबर्ट नकल्स या अमेरिकन अभियंत्याने आपल्या ‘एअरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ या ग्रंथातून या पद्धतीची चिकित्सा केली. उड्डाणात उडालेला मंडलरोधक पुन्हा बसविण्याचे कारणच काय, असा त्याच्या विवेचनाचा रोख होता. दोष नाहीसा झालेला नसतो. तो पुन्हा जागा होतो. म्हणून मोटारीतील साधे फ्यूज एका पेटीत आवाक्याबाहेर ठेवावेत आणि आवश्यक उपकरणांची निवड आधीच करून त्यांना मुख्य वाहिनी व बॅटरी अशा दोन स्वतंत्र मार्गांनी वीज द्यावी, अशी व्यवस्था त्याने सुचविली. आल्टरनेटर निकामी झाला तर एक स्विच बंद व दुसरा चालू करावयाचा. मग बॅटरीत साठलेली वीज आवश्यक उपकरणांपुरतीच खर्च होते आणि विमान जवळच्या धावपट्टीवर आणता येते.

मंडलरोधक सर्व दोष पकडीत नाही, याचा दारुण प्रत्यय मोठ्या विमानाच्या बाबतीत आला. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून २२९ जण मृत्युमुखी पडले. छतामागील तारांत उडालेल्या ठिणगीपासून आग लागली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता. अशा ठिणगीतून वाहणारा प्रवाह क्षणिक व तुटक असल्यामुळे साधा मंडलरोधक उडत नाही. या घटनेनंतर आवरणाचा प्रकार, तारांची बांधणी आणि घासण्याच्या जागा यांकडे हौशी बांधणाऱ्यांचेही लक्ष वेधले गेले. बारीक धाग्यांची, कथिलाचा लेप दिलेली आणि उष्णता सोसणाऱ्या आवरणाची तार व दाबून बसविलेला लग हा नियम रूढ झाला. डाख दिलेला सांधा वाईट नसतो. परंतु डाख धाग्यांत शिरून तार ताठ करतो आणि आधार न दिल्यास इंजिनाच्या कंपनाने ती नेमकी त्या कडेवर तुटते.

६

तिसरा प्रवाह संदेशवहनाचा. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडराच्या माथ्याचे व धुराड्याचे तापमान मोजावयाचे म्हटले तरी आठ संवेदकांच्या सोळा तारा होतात. तेलाचा दाब, इंधनाचा ओघ व फेरे यांच्या तारा वेगळ्याच. १९७० च्या दशकात लष्करी व प्रवासी विमानांसाठी अंकीय संदेशवाहिन्यांचे मानदंड निश्चित झाले; १९८६ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने मोटारींसाठी ‘कॅन’ ही वाहिनी जाहीर केली. दोन पिळलेल्या तारा, दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोधक आणि त्या जोडीवर क्रमाने ‘बोलणारी’ अनेक उपकरणे, असे तिचे स्वरूप होय. संवेदकांच्या तारा जवळच्या पेटीत संपतात आणि तेथून फलकापर्यंत दोन संदेशाच्या व दोन विजेच्या तारा पुरतात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हौशी विमानांसाठी स्वस्त दृश्यफलक मिळू लागले आणि ही पद्धती घरगुती कार्यशाळेपर्यंत पोहोचली.

या लाभाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या मागे एक हानी लपलेली आहे. जुन्या फलकावर वेगमापक हवेवर, काही गतिदर्शक भोवरे शोषणपंपावर, वळणदर्शक विजेवर आणि इंजिन मॅग्नेटोवर अशी विभागणी असे. एक शक्ती गेली तरी इतर शाबूत राहत. नव्या फलकावर भोवरा, नकाशा, वेग, उंची व इंजिनाची मापके एकाच विजेवर आणि पुष्कळदा एकाच वाहिनीवर येतात. प्रज्वलनही विद्युत्-नियंत्रित असेल तर इंजिनही तेथेच येते. शिवाय दोष शोधण्याची रीत बदलते. तुटलेली तार डोळ्यांना व मल्टिमीटरला सापडते. वाहिनीवरील चुकीचा संदेश सापडत नाही. गुंतागुंत नाहीशी न होता तारांतून आज्ञावलीत स्थलांतरित झाली, असाच याचा अर्थ होतो. म्हणून जाणते बांधणारे दृश्यफलकाशेजारी हवेच्या दाबावरील वेगमापक, उंचीमापक आणि साधे होकायंत्र आवर्जून ठेवतात.

७

महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना कांदिवलीतील चारकोप येथील अमोल यादव यांच्या प्रयत्नाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादवांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे ‘टीएसी-००३’ हे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मांडण्यात आले. गच्चीवरून खाली आणण्यासाठी त्याचे भाग सुटे करावे लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘व्हीटी-एनएमडी’ या चिन्हाने त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये धुळे येथील धावपट्टीवर चाचण्या झाल्या.

या प्रकरणातून गृहनिर्मित विमानाचे एक लक्षण ठळकपणे पुढे येते. ते जेथे बांधले जाते तेथून उडत नाही. ते सोडवून, वाहून नेऊन पुन्हा जोडावे लागते. पंखाच्या मुळाशी दिव्यांच्या, इंधनमापकाच्या व वेगनळीच्या तापतारेच्या जोडण्या सुटतात आणि पुन्हा बसतात. प्रत्येक वेळी खुंटी वाकण्याचा, तार उलटी लागण्याचा संभव असतो. पंखातून ओलांडणाऱ्या तारा जितक्या कमी, जोडण्या जितक्या एकमेकींत न बसणाऱ्या आकारांच्या, तितका हा धोका कमी. आणि वर्षानुवर्षे चाललेल्या कामात, पहिल्या वर्षी टाकलेली तार दहाव्या वर्षी कशासाठी होती हे स्मरणावर सोडून चालत नाही. दोन्ही टोकांना क्रमांक आणि त्या क्रमांकांचा अद्ययावत आराखडा हाच तेथे आधार ठरतो.

इतिहासाच्या अभ्यासकास या आराखड्याचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटावे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडविल्याचा दावा महाराष्ट्रात वारंवार केला जातो. त्याच्या समर्थनार्थ तपासता येईल असा समकालीन आराखडा पुढे ठेवला जात नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा या संदर्भात उल्लेख होतो, त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. याउलट, नोंदणी व परवानगी यांच्या दीर्घ प्रक्रियेतून गेलेले विमान आपल्यामागे कागद ठेवून जाते. परवाना-यंत्रणेची दिरंगाई बांधणाऱ्यास जाचक होते हे खरे. पण यंत्राचे वर्णन दुसऱ्याला पटेल अशा रीतीने करण्याची सक्ती हीच दाव्याला पुराव्याचे रूप देते.

८

मुंबईहून धुळ्याकडे जाणारा रस्ता शहापूर तालुक्यातून थळ घाट चढतो. त्याच्या दक्षिणेस मुरबाड तालुक्याच्या पूर्वसीमेवर नाणेघाट व माळशेज घाट आहेत. लहान विमानातून ईशान्येस निघणाऱ्यास सह्याद्रीची ही भिंत ओलांडावीच लागते. पावसाळ्यात ती ढगांत बुडालेली असते. ७ जुलै १९६२ रोजी मुंबईकडे येणारे आलितालिया कंपनीचे जेट विमान या भिंतीपलीकडे, जुन्नर परिसरातील डोंगरावर आदळून ९४ जणांचा अंत झाला. मुंबईच्या ईशान्येस सुमारे ८४ किलोमीटरवर घडलेल्या या अपघाताचे कारण तार तुटणे हे नव्हते. आपण प्रत्यक्षात आहोत त्यापेक्षा मुंबईच्या अधिक जवळ आहोत असा समज होऊन विमान वेळेपूर्वी खाली आणले गेले, आणि स्थान पडताळण्याची उपलब्ध साधने वापरली गेली नाहीत, असे चौकशीत दिसून आले.

ही घटना मोठ्या विमानाची असली तरी तिचे तात्पर्य लहान विमानाला अधिकच लागू पडते. उपकरणांची संख्या म्हणजे ज्ञान नव्हे. त्याचप्रमाणे तारांची अल्पता म्हणजे सुलभता नव्हे. रुळाला परतीची वाट केले तेव्हा सांध्यांची राखण स्वीकारावी लागली. सांगाड्याला परतीची वाट केले तेव्हा गंजाची. एका वाहिनीवर सर्व संदेश आणले तेव्हा ती वाहिनी मुकी झाल्यानंतरच्या क्षणाची. जी जोडणी बांधणाऱ्यास कागदावर काढून दाखविता येते, दुसऱ्यास तपासता येते, आणि जिचा एखादा भाग निकामी झाला असता ढगांखालच्या डोंगराची उंची सांगणारे एक तरी साधन चालू राहते, तीच जोडणी खऱ्या अर्थाने सुलभ होय.